गरीब स्वभावाचे कुत्रे आणि त्याचे घर

रस्त्यावर राहणाऱ्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली दिलेल्या आदेशांमुळे आजवर महानगरांपुरता वाटणारा एक प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील पुसदसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचला आहे. २२ ऑगस्टच्या आदेशाने हे प्रकरण दिल्लीपुरते न ठेवता सर्व राज्यांना त्यात सामील करून घेतले, आणि नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली किंवा आक्रमक असलेली वगळता, मूळ जागी परत सोडावीत असे सांगितले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने मात्र शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री उचलून निवारा केंद्रात ठेवण्याचे आणि त्याच आवारात पुन्हा न सोडण्याचे बंधन स्थानिक स्वराज्य संस्थांवर घातले. निवारा केंद्र म्हणजे मालक नसलेल्या प्राण्यांना अन्न, उपचार आणि आसरा देणारी बंदिस्त जागा. याचा अर्थ असा की बसस्थानकावरील टपरीच्या आडोशाला वर्षानुवर्षे झोपत आलेले, कोणाच्याही अंगावर न गेलेले कुत्रेसुद्धा कुंपणाआड जाऊ शकते, आणि एकदा तेथे गेल्यावर मोकळ्या जगात परतण्याचा त्याच्यापुढील मुख्य मार्ग म्हणजे कोणीतरी त्याला दत्तक घेणे हाच उरतो.

दत्तक घेण्याने रस्त्यावरील कुत्र्यांची संख्या आटोक्यात येईल, असा समज कोणी करून घेऊ नये. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री नोंदली गेली आणि त्यांपैकी पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात होती. इतकी घरे कोठून येणार? संख्येचे काम नसबंदीचे आहे, आणि प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ या केंद्रीय नियमांनुसार ते स्थानिक संस्थेकडे, म्हणजे पुसदमध्ये नगर परिषदेकडे येते. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटीशी खाच पाडतात, जेणेकरून तेच कुत्रे पुन्हा पकडले जाऊ नये. रस्त्यावर कान कापलेले कुत्रे दिसले तर त्यामागे बहुधा हे कारण असते. दत्तक घेण्याचा हेतू निराळा आहे. माणसांत राहण्यास सर्वथा योग्य असलेल्या एखाद्या जिवाचे उरलेले आयुष्य जाळीमागे जाऊ नये, एवढाच तो हेतू आहे, आणि तो पुरेसा आहे.

निवाऱ्यात येणाऱ्या कुटुंबाचे लक्ष सर्वप्रथम जाळीवर पाय टेकून उड्या मारणाऱ्या पिल्लाकडे जाते, आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेले चार-पाच वर्षांचे तांबूस गावठी कुत्रे नजरेतून सुटते. वस्तुस्थिती पाहिली तर निवड अनेकदा उलट व्हायला हवी. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे ‘आयसर’मध्ये, अनिंदिता भद्र यांच्या गटाने मोकाट कुत्र्यांवर दीर्घकाळ संशोधन केले असून, त्यांच्या २०१६ च्या अभ्यासात रस्त्यावर जन्मलेल्या पाच पिल्लांपैकी जेमतेम एक सात महिन्यांपर्यंत जगते आणि बहुतांश मृत्यूंना माणसाचे वागणे कारणीभूत असते, असे आढळले. म्हणजे प्रौढ वयापर्यंत पोहोचलेले गावठी कुत्रे वाहने, रोग आणि माणसांचे दगड यांतून निभावलेले असते, आणि माणसांना कसे ओळखावे हे ते एव्हाना शिकलेले असते. याच गटाने २०१७ साली असेही दाखवले की अनोळखी माणसाशी वारंवार भेट घडवली असता, केवळ खाणे मिळालेल्या कुत्र्यांपेक्षा अंगावरून हात फिरवला गेलेल्या कुत्र्यांचा विश्वास अधिक वाढतो. भाकरीच्या तुकड्यावर कुत्रे विकत घेता येते, या जुन्या समजुतीला या निष्कर्षाने चांगलाच छेद दिला आहे. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा वळेल हे कोणालाही निश्चित सांगता येत नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव मात्र समोर दिसतो, फक्त तो पाहता आला पाहिजे.

हे पाहणे वाटते तितके सोपे नाही, कारण निवाऱ्यात गप्प बसलेले प्रत्येक कुत्रे शांत असतेच असे नाही. अमेरिकेतील एका सार्वजनिक निवाऱ्यात झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे संप्रेरक, मोजले गेले, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत त्याचे प्रमाण पुढच्या दिवसांच्या तुलनेत ठळकपणे जास्त निघाले. भीतीने थिजलेले कुत्रे हालचाल करीत नाही, आवाज काढीत नाही, आणि अननुभवी माणसाला ते अत्यंत गुणी वाटते. परंतु त्याचे शेपूट पोटाखाली दबलेले असते, अंगाचा भार मागच्या पायांवर असतो, मान न वळवता ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत असल्याने डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, झोप आलेली नसतानाही ते जांभया देते, जिभेने ओठ चाटत राहते आणि समोर धरलेला खाऊ घेत नाही. खरोखर गरीब स्वभावाच्या कुत्र्याचे अंग सैल असते. तोंड अर्धवट उघडे, नजर मऊ, शेपूट मध्यम उंचीवर संथ हलणारे, आणि ते सरळ अंगावर न येता थोडे वळण घेऊन जवळ येते व मांडीला अंग टेकवते. घाबरलेले कुत्रे वाईट नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. त्याला अधिक वेळ आणि कमी गजबज असलेले घर लागते, आणि कोंडीत पकडले गेल्यास ते चावू शकते, याची कल्पना घरच्यांना आधीच असावी लागते.

म्हणूनच एकाच भेटीत निर्णय न घेता वेगवेगळ्या वेळी जाऊन कुत्र्याला पाहणे, त्याला पट्टा लावून निवाऱ्याबाहेर थोडे फिरवणे, जेवताना जवळून कोणी गेल्यास ते गुरगुरते का, पंजांना आणि कानांना हात लावू देते का, याची केंद्रातील सेवकांकडून माहिती घेणे, आणि घरातील प्रत्येक माणसाशी, विशेषतः लहान मुलांशी, त्याची गाठ घालून देणे आवश्यक ठरते. पुसद परिसरात शेतावर राहणाऱ्या कुटुंबांत शेळ्या आणि कोंबड्या असतात; माणसांशी अत्यंत मायाळू असलेले कुत्रेही कोंबडी दिसताच धावून जाऊ शकते, त्यामुळे ही चौकशी वगळून चालत नाही.

या प्रदेशाच्या श्रद्धेत कुत्र्याला जागा नव्हती असे नाही. पुसदहून माहूरच्या दत्तशिखराकडे जाणाऱ्या भाविकाला दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री दिसतात आणि ते चार वेद होत असे परंपरा सांगते. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते संत नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा मराठी घरांत लहानपणीच कानांवर पडते. पुसद तालुक्यातील बंजारा तांड्यांच्या संदर्भात मात्र आणखी एक कथा जवळची वाटते. छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात खपरी येथे कुकुरदेव नावाचे मंदिर आहे आणि ते एका बंजाऱ्याच्या कुत्र्याच्या स्मरणार्थ असल्याचे लोक सांगतात. दुष्काळात कर्ज घेताना त्या बंजाऱ्याने आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली, तेव्हा चोरांनी माल कोठे लपवला ते कुत्र्याने पाहिले आणि सावकाराला तेथवर नेले. उपकृत झालेल्या सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी कुत्र्याच्या गळ्यात बांधून त्याला सोडून दिले. पण परत येणाऱ्या कुत्र्याला पाहून तो पळून आला असे मालकाने मानले, संतापाच्या भरात त्याला ठार मारले आणि नंतर चिठ्ठी वाचली.

कथेतील कुत्र्याची निष्ठा सर्वांना दिसते. खरा विषय मात्र मालकाच्या चुकीच्या वाचनाचा आहे. दत्तक घेतलेले कुत्रे पहिल्याच आठवड्यात परत पाठवले जाते, त्यामागेही पुष्कळदा हेच असते. नव्या घरात ते ओसरीवर लघवी करते, रात्री विव्हळते, पलंगाखालून बाहेर येत नाही किंवा दार उघडे दिसताच पळते, आणि घरातील माणसे त्यावरून त्याचा स्वभाव ठरवून मोकळी होतात. प्राणिसेवेत काम करणारे लोक यासाठी तीनचा ढोबळ हिशोब सांगतात: साधारण तीन दिवस भीती ओसरण्यास, तीन आठवडे घराची रीत कळण्यास आणि तीन महिने हे आपलेच घर आहे असे वाटू लागण्यास. हा काही शास्त्रीय नियम नव्हे, परंतु धीर धरण्यास तो उपयोगी पडतो. या काळात एक ठरलेला शांत कोपरा, ठरलेल्या वेळी जेवण, बाहेर नेताना न निसटणारा पट्टा आणि पाहुण्यांच्या कौतुकापासून सुटका, एवढे मिळाले तरी बरेच साधते.

शरीराची काळजी हा भाग तुलनेने सरळ आहे. रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, लक्षणे दिसू लागल्यानंतर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील या रोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. म्हणून पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर आणि मोठ्या कुत्र्याला घरी आणण्यापूर्वीच लस टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती दरवर्षी द्यावी. कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालय गाठावे, मग ते कुत्रे घरचे का असेना. डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणुजन्य रोगांच्या लसी, जंताचे औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त यांकडेही दुर्लक्ष करू नये. नुसत्या दूध-पोळीवर कुत्र्याचे पोषण नीट होत नाही, त्याला अंडी किंवा मांस यांसारखी प्रथिने हवीत; कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र त्याला विषासारखी बाधतात.

विदर्भाचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवते, आणि पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो तेव्हा पत्र्याच्या छपराखाली बांधून ठेवलेल्या कुत्र्याला उष्माघात होण्यास फार वेळ लागत नाही. शेतावर आणखी एक धोका असतो. २०१७ साली कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले तो हाच यवतमाळ जिल्हा होय. ज्या औषधाने धडधाकट माणूस जातो, त्याच्या उघड्या पिंपातले किंवा डब्यातले पाणी कुत्र्याने प्यायल्यास काय होईल हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्टच्या आदेशात प्राणिप्रेमींना स्थानिक संस्थेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली आणि अशी कुत्री पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानेही, प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा ठरवला आहे, परंतु पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही जास्तीत जास्त पन्नास रुपये आहे. एवढ्या दंडाने कोणी थांबत नाही, त्यामुळे खरी चाळणी कुत्रे देतानाच लागली पाहिजे. घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे का, मुलगा शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला गेल्यावर कुत्र्याला कोण पाहणार, दहा ते पंधरा वर्षांची ही सोबत निभावण्याची घरातील सर्वांची तयारी आहे का, हे प्रश्न संकोच न बाळगता विचारले गेले पाहिजेत, आणि उत्तरे समाधानकारक नसतील तर नकार देण्याचे धैर्य केंद्रात असले पाहिजे. ज्यांना कायमची जबाबदारी शक्य नाही, त्यांच्यासाठी तात्पुरत्या सांभाळाची सोय करता येते, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवडे कुत्र्याला आपल्याकडे ठेवणे. नगर परिषद, तालुक्यातील पशुवैद्यक आणि महाविद्यालयांतील विद्यार्थी यांनी मिळून अशा घरांची यादी केली, आणि प्रत्येक कुत्र्याचे अंदाजे वय, लसी, नसबंदी व स्वभाव यांची साधी नोंद छायाचित्रासह बसस्थानकावर आणि दवाखान्यात लावली, तर मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या तांबूस कुत्र्याचीही विचारपूस होऊ लागेल.