यूएईत शिक्षकाची नोकरी: शाळेला सुट्टी दोन महिने, पण तुमची हक्काची रजा किती?

दुबई, शारजा, अबूधाबीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. त्याआधी शिक्षकभरतीच्या जाहिराती व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरू लागतात. करमुक्त पगार, विमान तिकीट आणि जुलै-ऑगस्टची सुट्टी या तीन गोष्टी पाहून अनेक जण अर्ज करतात. यातली सुट्टी मात्र दिसते तितकी सरळ नाही.

कायद्यात काय आहे?

यूएईचा सध्याचा कामगार कायदा २०२१चा असून तो २ फेब्रुवारी २०२२पासून लागू आहे. खासगी शाळांतील शिक्षकही त्यात येतात. एक वर्ष सेवा झाली की वर्षाला ३० दिवस पगारी रजा मिळते. सेवा सहा महिन्यांपेक्षा जास्त, पण वर्षापेक्षा कमी असेल तर महिन्याला दोन दिवस. त्याआधी काहीच नाही.

आता हिशेब लावा. एप्रिलमध्ये रुजू झालेल्या शिक्षिकेची जुलैत जेमतेम तीन महिने सेवा झालेली असते. शाळा बंद आहे, पण कायद्यानं मिळणारी रजा अजून शून्य आहे. म्हणजे पहिल्या उन्हाळ्याचा पगार मिळणार की नाही, हे पूर्णपणे करारात काय लिहिलंय यावर ठरतं. ‘सगळ्यांना मिळतो’ हे मुलाखतीतलं वाक्य इथं उपयोगाचं नाही. दोन महिन्यांच्या पगाराचा उल्लेख कागदावर हवा.

रजा कधी घ्यायची हे ठरवण्याचा अधिकारही मालकाला आहे. फक्त किमान महिनाभर आधी कळवावं लागतं. त्यामुळे शाळा ही रजा थेट उन्हाळी सुट्टीत बसवू शकते आणि मग डिसेंबरात भावाच्या लग्नाला नागपूरला यायचं तर बिनपगारी रजा मागावी लागते. शिवाय हे ३० दिवस कॅलेंडरचे आहेत. मधले शनिवार-रविवार आणि सणाच्या सुट्ट्या त्यातच मोजल्या जातात, करारात वेगळं काही नसेल तर.

‘बेसिक’चा आकडा बघा

समजा एकूण पगार ६,००० दिरहम आणि त्यात मूळ वेतन ३,००० आहे. नोकरी सोडताना दहा दिवसांची रजा शिल्लक असेल, तर तिचे पैसे मूळ वेतनावर मिळतात, म्हणजे २,००० नाही, १,००० दिरहम. ग्रॅच्युइटीचंही तसंच. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचं मूळ वेतन. एकूण पगार मोठा दाखवून बेसिक लहान ठेवलं, तर फटका जाताना बसतो.

करार बदलला तर?

आधी दिलेली ऑफर आणि नंतर मनुष्यबळ मंत्रालयाकडे नोंदवलेला करार यांत तफावत असता कामा नये. फरक असला तर तो कर्मचाऱ्याच्या फायद्याचा असावा. करारात मागाहून बदल करायला दोघांची संमती लागते. गणिताच्या शिक्षिकेला प्रवेश कार्यालयात बसवायचं असेल, म्हणजे मूळ कामापेक्षा अगदी वेगळं काम द्यायचं असेल, तर सहसा लेखी होकार हवा. खरी अडचण वेगळीच असते. विमानातून उतरल्यावर, व्हिसाच्या कागदांच्या गठ्ठ्यात नवं पत्र पुढे येतं आणि सही होऊन जाते. संमती ती हीच!

इथं भारतातून फारशी मदत होत नाही. दहावी उत्तीर्णांचा पासपोर्ट ‘ईसीएनआर’ असतो, त्यामुळे शिक्षकांना इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही आणि सरकारी कार्यालयात त्यांचा करार तपासलाही जात नाही. वाचायचं काम तुमचंच. ऑफरची पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर ठेवा आणि तिथं पोहोचल्यावर मंत्रालयाच्या अॅपवर नोंदलेला करार तिच्याशी ताडून पाहा.

प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं. त्या काळात काढायचं तर शाळेनं १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. शिक्षकाला यूएईतच दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मात्र महिन्याची, आणि भरतीचा खर्च नव्या शाळेनं जुन्या शाळेला द्यायचा. भारतात परतणाऱ्याला १४ दिवस पुरतात.

वाद झालाच तर आधी मंत्रालयाकडे तक्रार करायची. ५० हजार दिरहमपर्यंतच्या दाव्यांवर २०२४पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं. पासपोर्ट ताब्यात ठेवण्याचा अधिकार शाळेला नाही.