पाठीवरची रेघ

क्योतोतल्या तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला मोठा बाजार भरतो. जुने किमोनो, चिनी मातीची भांडी, रोपटी, खाऊ. तिथे एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलावर, बुटांच्या खोक्यात जुनी पोस्टकार्डं उभी रचून ठेवली होती. चाळता चाळता किनकाकुजीचं, म्हणजे सुवर्णमंडपाचं, एक कार्ड हाती आलं. तळं ओळखीचं, काठावरची झाडंही. पण मंडप आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखा काळपट. सोन्याचा मागमूस नाही. मला वाटलं, छपाई बिघडली असावी.

छपाई ठीकच होती. आशिकागा योशिमित्सू या माजी शोगुनाने, म्हणजे लष्करी शासकाने, १३९७ साली इथे आपला महाल उभारायला घेतला. त्याच्या मंडपावरचा वर्ख विसाव्या शतकापर्यंत बहुतेक उडून गेला होता. २ जुलै १९५० रोजी पहाटे तिथल्याच एका तरुण शिकाऊ भिक्षूने मंडपाला आग लावली. आज आपण पाहतो तो १९५५ साली नव्याने बांधलेला, आणि त्याच्यावरचा जाड वर्ख १९८७ साली चढवलेला. जळालेला मंडप आता अशा कार्डांवरच भेटतो.

मग कार्ड नेमकं कधीचं? ते चित्र सांगत नाही, पाठ सांगते. जपानमध्ये खासगी चित्रकार्डं टपालात टाकायला १९०० साली परवानगी मिळाली. तेव्हा पाठीवर फक्त पत्ता लिहायचा. मजकूर चित्राच्या बाजूलाच कोंबायचा. म्हणून त्या काळच्या कार्डांवर पॅगोड्याच्या माथ्यावरच्या आभाळातही कुणाची तरी खुशाली वाचायला मिळते. १९०७ साली पाठीवर रेघ आली आणि एक तृतीयांश जागा मजकुराला मिळाली. १९१८ पासून निम्मी. पाठीवर छापलेल्या ‘पोस्टकार्ड’ या जपानी शब्दात १९३३ साली ‘का’ला दोन बारीक रेघा जोडून त्याचा ‘गा’ झाला. महायुद्धानंतर तोच शब्द उजवीकडून डावीकडे न छापता डावीकडून उजवीकडे छापू लागले. एवढं लक्षात ठेवलं तर जपानी येत नसलं तरी काम भागतं. माझ्या कार्डावरची रेघ एक तृतीयांशावर आहे. म्हणजे ते १९०७ ते १९१८ मधलं.

दुसरं हत्यार भिंग. त्या काळची बरीच जपानी कार्डं कोलोटाइप पद्धतीने एकरंगी छापत आणि मग कुंचल्याने हाताने रंगवत. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसत नाही, सुरकुतल्यासारखा बारीक पोत दिसतो. आणि मेपलचा तांबडा रंग पानाची कड ओलांडून देवळाच्या छपरावर सांडलेला असतो. ठिपके ओळीने दिसले, तर समजावं की रंग यंत्राने छापलेले आहेत.

ब्रह्मदेशाच्या कार्डांची गंमत वेगळी. रंगूनमधले डी. ए. अहुजा हे पंजाबी छायाचित्रकार. त्यांची रंगूनच्याच श्वेडगॉन पॅगोड्याची, मंडालेच्या मठांची कार्डं छापली जात थेट जर्मनीत. म्हणजे देऊळ ब्रह्मदेशातलं, प्रकाशक पंजाबी आणि शाई जर्मन! आभाळाचा तो भडक गुलाबी-निळा रंग रंगूनचा की छापखान्याचा, असा प्रश्न दर वेळी पडतो. १९५४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्यामुळे अहुजांचं श्वेडगॉन हाती आलं की मराठी माणूस ते जरा जास्त वेळ हातात धरून ठेवतो.

नव्याने जमवणाऱ्यांना अनुभवाचा सल्ला: स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटांचा अल्बम घेऊ नका. माझी चार कार्डं मुंबईच्या एका पावसाळ्यात त्या प्लास्टिकला अशी चिकटली, की सोडवताना श्रीलंकेतल्या कँडीच्या दंतमंदिराचा अर्धा खंदक पाकिटातच राहिला. पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्या, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. गोंद, चिकटपट्टी आणि बॉलपेन कार्डाच्या जवळपासही नकोत.

नोंद मी वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने करतो आणि चिठ्ठी कार्डामागे सरकवतो. ठिकाण, काळ, कुठे मिळालं, किती पैसे पडले. क्योतोच्या त्या कार्डामागच्या चिठ्ठीत शेवटी एक शब्द जास्तीचा आहे: आगीआधीचं.