एक्सप्लेनर : हार्थस्टोनमध्ये अ‍ॅग्रो, कंट्रोल की कॉम्बो? डस्ट खर्च करण्याआधी हे गणित वाचा

बुलढाणा : २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स हा प्रात्यक्षिक खेळ होता. त्यात भुजच्या तीर्थ मेहताने ‘हार्थस्टोन’मध्ये कांस्यपदक मिळवले. हे पदक अधिकृत तालिकेत धरले गेले नाही. पण पत्त्यांच्या या गेमसाठी महानगरात राहावे लागत नाही, हे त्यातून दिसले. खामगाव असो की मेहकर, फोन आणि इंटरनेट पुरेसे आहे. खरा प्रश्न आहे डेक निवडण्याचा.

नियम काय?
डेक ३० पत्त्यांचा असतो. प्रत्येक खेळाडूला ३० हेल्थ मिळते. पहिल्या टर्नला १ माना, पुढे दर टर्नला एक वाढत १० पर्यंत. साध्या पत्त्याच्या दोन प्रती ठेवता येतात, लेजेंडरीची एकच.

तीन प्रकार, तीन स्वभाव
• अ‍ॅग्रो : स्वस्त पत्ते, पहिल्या टर्नपासून हल्ला. सहा-सात टर्नमध्ये निकाल लागला नाही तर हात रिकामा होतो.
• कंट्रोल : आधी समोरच्याचे पत्ते साफ करायचे, मग महागडे पत्ते उतरवायचे.
• कॉम्बो : ठरावीक पत्ते एकत्र आले की एका झटक्यात विजय. तोवर तग धरायचा.

आपल्याकडच्या खरिपाशी ताडून बघा. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत हाती येते, तूर त्याहून बरीच जास्त थांबायला लावते. अ‍ॅग्रो आणि कंट्रोलमध्ये फरक तसाच आहे.

सर्वसाधारणपणे कंट्रोल अ‍ॅग्रोला रोखतो, कॉम्बो कंट्रोलला हरवतो आणि अ‍ॅग्रो कॉम्बोची जुळवाजुळव होण्याआधीच गेम संपवतो. म्हणजे कायम जिंकणारा डेक नसतो. म्हणूनच ‘कॉन्क्वेस्ट’ पद्धतीच्या स्पर्धेत खेळाडू अनेक डेक आणतो आणि जिंकलेला डेक पुन्हा वापरता येत नाही.

पत्ता हाती येण्याची शक्यता किती?
सुरुवातीला पत्ते बदलण्याची मुभा न धरता, डेकमधले पहिले १० पत्ते हाती आले असे समजू.
• दोन प्रती असलेला पत्ता त्यात असण्याची शक्यता : सुमारे ५६ टक्के
• एकच प्रत असलेला लेजेंडरी : ३३ टक्के
• ठरावीक दोन लेजेंडरी एकत्र : जेमतेम १० टक्के

त्यामुळे कॉम्बो डेकमध्ये जादा पत्ते ओढणारे पत्ते भरपूर लागतात. ते नसतील तर डेक कागदावरच भारी.

चुकीच्या निवडीची किंमत
लेजेंडरी बनवायला १६०० डस्ट लागते, मोडल्यावर मात्र ४०० च परत मिळते. एपिकचा हिशेब ४०० आणि १००, साध्या पत्त्याचा ४० आणि ५. म्हणजे डेक पसंत पडला नाही तर लेजेंडरीमागे तीन चतुर्थांश डस्ट वाया. ती भरून काढायला अनेक जण पॅक विकत घेतात आणि पॅकमधून काय निघेल ते आधी कळत नाही. फोनला घरच्यांचे खाते जोडलेले असेल तर खर्चाची मर्यादा आधीच ठरवा.

सुरुवात कुठून करावी?
कमी लेजेंडरी लागणारा अ‍ॅग्रो डेक नवख्यांना परवडतो आणि गेमही लवकर संपतात. किमान २० गेम खेळा, कोणत्या प्रकारासमोर हरता ते लिहून ठेवा. कंट्रोलसमोरच वारंवार हरत असाल, तर पत्ते बदलण्याआधी एक बघा : पहिल्या चार टर्नमध्ये तुमचा माना पूर्ण वापरला जातो का? नसेल, तर नवा लेजेंडरी नको, १ आणि २ मानाचे पत्ते वाढवा.