धाकट्याची वेगळी चूल

एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना धाकट्याचे दुःख वेगळे सांगावे लागत नाही. थोरले ठरवतात, धाकटा मान डोलावतो. 'बीटल्स' या चौकडीतही हेच चालले होते. लिव्हरपूलच्या एका बस ड्रायव्हरचा मुलगा जॉर्ज हॅरिसन हा चौघांत वयाने सर्वांत लहान. गाणी रचायची ती मुख्यतः जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी. जॉर्जच्या वाट्याला बहुधा एखाददुसरे गाणे येई.

गाणी मात्र त्याला सुचतच होती. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे गाणे त्याने जानेवारी १९६९ मध्ये साथीदारांपुढे ठेवले. तालमी झाल्या, पण बीटल्सच्या रेकॉर्डवर त्याला जागा मिळाली नाही. त्याच महिन्यात एके दिवशी जॉर्ज तालमीतून उठून निघून गेला. काही दिवसांनी परतला खरा, पण तडा गेला तो गेलाच.

१९७० मध्ये बीटल्स फुटले आणि साठलेले पाणी बांध फोडून वाहिले. त्या नोव्हेंबरमध्ये जॉर्जचा संच आला, तोही एकदम तीन तबकड्यांचा! नाव त्याच नाकारलेल्या गाण्याचे. अमेरिकेत तो सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्यातील 'माय स्वीट लॉर्ड'मध्ये 'हालेलुया'च्या जोडीला 'हरे कृष्ण' आणि आपला गुरुवंदनेचा श्लोकही ऐकू येतो. पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला १९६६ मध्ये मुंबईत येऊन राहिलेल्या या शिष्याला तो परका नव्हता.

यश डोक्यात गेले नाही. १९७१ मध्ये रविशंकरांच्या शब्दाखातर त्याने बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कमध्ये जलसा केला. १९७३ च्या 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड'मधील बहुतेक गाण्यांचे हक्क स्वतःच्या धर्मादाय संस्थेला देऊन टाकले.

वेगळ्या चुलीचे चटकेही मात्र बसतात. 'माय स्वीट लॉर्ड'ची चाल १९६३ च्या 'ही इज सो फाइन'वरून नकळत उचलली गेली आहे, असा निकाल अमेरिकेच्या न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. 'अरे, ही चाल कुठेतरी ऐकलीय,' असे तोंडावर सांगणारे थोरले आता घरात नव्हते. ज्यांनी गाणी अडवली, त्यांनीच कदाचित हेही अडवले असते.

तरीही चूल मांडली नसती, तर ती गाणी आपल्यापर्यंत पोचती ना. २००१ मध्ये जॉर्ज गेला. ती गाणी अजून ऐकली जातात.