हिरवळीचें पाणी कोणाच्या खातीं?

शहरें वाढूं लागलीं म्हणजे धरणाच्या पाण्यावर त्यांचा हक्क प्रथम उभा राहतो व शेतकऱ्याच्या पाळीस कात्री लागते, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. म्हणून अमेरिकेंतील लास व्हेगस शहरानें नव्या बांधकामास घातलेल्या निर्बंधांची हकीकत येथें सादर करीत आहों.

नेव्हाडा राज्यांतील हें शहर वाळवंटांत वसलें आहे. वर्षाचा पाऊस सुमारें ४ इंच. आमच्या दुष्काळी माणदेशांतही याच्या तिपटीहून अधिक पडतो. शहराचें सुमारें नऊ-दशांश पाणी कोलोराडो नदीवरील हूवर धरणाच्या जलाशयांतून येतें. नदीच्या पाण्यांत नेव्हाडाचा वांटा वर्षास ३ लक्ष एकर-फूट ठरलेला आहे. कॅलिफोर्नियांतील एकट्या इंपीरियल खोऱ्याचा हक्क ३१ लक्षांचा, आणि तें पाणी बहुतांशीं शेतीचें. सन २००० पासून नदीस ओढ लागली, तेव्हां शहराची दृष्टि कोणीकडे वळावयाची हें उघड होतें.

तेथील पाणीखात्यानें मात्र स्वतःच्या घरचा हिशेब पाहिला. आमचें आयुष्य पाणीपट्टीच्या वह्या लिहिण्यांत गेलें, त्यामुळें हा हिशेब आम्हांस विशेष भावला. घरांत वापरलेलें पाणी शुद्ध करून पुनः जलाशयांत सोडतात, व जितकें परत जाईल तितकें वांट्याबाहेर उचलण्याची मुभा मिळते. म्हणजे न्हाणीचें पाणी जमेस येतें. अंगणांतील हिरवळीवर शिंपडलेलें कायमचें खर्ची पडतें. हिरवळीस दर चौरस फुटामागें वर्षाला सुमारें २७५ लिटर पाणी लागतें, वाळवंटी झाडांच्या बागेस ६५. गुंठ्याच्या मापानें पाहूं जातां ही बचत सव्वादोन लक्ष लिटरांवर जाते!

सन २००३ पासून नव्या घराच्या पुढील अंगणांत हिरवळ लावण्यास मनाई झाली. बाजूच्या व मागील अंगणांत निम्म्याहून अधिक नको, असें ठरलें. पुढें हे नियम आणखी कडक होत गेले. जुनी हिरवळ काढणारास मात्र पाणीखातेंच पैसे देतें, व ही योजना सन १९९९ पासून चालू आहे. नुसती खडी पसरून तें अनुदान मिळत नाहीं. झाडें वाढल्यावर निम्मी जागा त्यांनीं झांकली पाहिजे. त्या झाडांत मेस्किट आहे, आमच्या वेड्या बाभळीचा तो भाऊबंद. सन २०२१ च्या कायद्यानें तर कचेऱ्यांपुढील व रस्त्यांमधील केवळ शोभेच्या हिरवळीस सन २०२७ च्या आरंभापासून नदीचें पाणी देणें बंद ठरविलें. स्वतंत्र घरें त्यांतून वगळलीं आहेत. हिरवळीबरोबर तिच्या पाण्यावर जगणारीं जुनीं सावलीचीं झाडें वाळतात, अशी तक्रार तेथें आहे, आणि ती आम्हांस रास्त वाटते. झाडाच्या बुंध्याशीं वेगळें ठिबक ठेवल्यावांचून हिरवळ काढूं नये.

आमच्याकडे टंचाईच्या वर्षीं धरणाचें पाणी प्रथम पिण्यासाठीं राखतात. तें योग्यच आहे. तहानलेल्या माणसापुढें उंसाची तक्रार कोण करील? परंतु त्या राखीव पाण्यांतून नव्या वसाहतींच्या हिरवळीवर जें जातें, तें पिण्याच्या सदरांत कां लिहावें? घरबांधणीचे नकाशे मंजुरीस येतात तेव्हांच अर्जांत हिरवळीचें क्षेत्र व तिच्या पाण्याचा उगम, असे दोन रकाने घालणें नगरपालिकांस अवघड नाहीं. कालवा सल्लागार समितीच्या येत्या बैठकींत आपल्या सभासदांनीं हे आंकडे मागावेत, व उत्तर लेखी घ्यावें.