लॅटिन ‘फेर्रे’ आणि आपले ‘भरणे’, ‘तोलणे’

मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून जंक्शन ठरलेल्या दौंडात ‘ट्रान्सफर’ हा शब्द नोकरदारांच्या घरी चांगलाच परिचित आहे. त्याच गावच्या बाजारात धान्य पोत्यांत भरतात आणि काट्यावर तोलतात. ट्रान्सफर, भरणे व तोलणे या तिहींची मुळे एकाच लॅटिन क्रियापदाच्या रूपावलीत एकत्र सापडतात, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही.

ते क्रियापद ‘फेर्रे’ होय. वाहणे, आणणे, सोसणे हे त्याचे अर्थ. वर्तमानकाळी फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त अशी रूपे होतात. परंतु ‘मी वाहिले’ म्हणावयाचे तर ‘तुली’, आणि भूतकालवाचक धातुसाधित ‘लातुस’. विद्यार्थी हा अपवाद समजून पाठ करतो. वस्तुतः येथे दोन धातू एकत्र आले आहेत. पहिला संस्कृत ‘भृ’चा सगोत्र होय. मूळ भाषेतील आद्य ‘भ’ लॅटिनमध्ये ‘फ’ होतो. भ्राता–फ्रातेर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. म्हणून ‘फेरो’चा आप्त शोधावयाचा तो ‘भरणे’मध्ये. केवळ ध्वनिसाम्याला भुलून आपल्या ‘फेऱ्या’शी त्याचा संबंध जोडणे सर्वथा चूक ठरेल.

दुसरा धातू उचलण्याचा. संस्कृत ‘तुला’ व मराठी ‘तोलणे’ त्याच कुळातील. प्लाउटुसच्या नाटकांत ‘तेतुली’ असे अभ्यासयुक्त जुने रूप आढळते. ‘लातुस’ हेही मुळात ‘त्लातुस’. आरंभीचा ‘त’ गळाल्याने ते ओळखू येत नाही इतकेच. गंमत अशी की, ‘तुली’ हे रूप ‘फेर्रे’ने घेतल्यावर उचलणे या अर्थाच्या ‘तोल्लो’ला स्वतःच्या भूतकाळासाठी ‘सुस्तुली’ या उपसर्गयुक्त रूपाचा आश्रय करावा लागला.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘जातो’ हे ‘या’ धातूचे आणि ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’पासूनचे, तरी आपण दोन्ही एकाच क्रियापदाची रूपे मानतो, ‘येतो’–‘आला’ या जोडीचीही तीच कथा. नित्य वापरातील क्रियापदांतच अशा जोड्या टिकून राहतात.

‘फेर्रे’ची दोन्ही अंगे इंग्रजीच्या द्वारा आपल्याकडेही आली आहेत. ‘ट्रान्सफर’ हा ‘फेरो’वरून, तर ‘ट्रान्सलेशन’ हा ‘लातुस’वरून: दोहोंचा मूळार्थ पलीकडे नेणे हाच.