अभंग सर्वांचा, पाठ कोणाचा?

भारतात १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील प्रताधिकार, म्हणजे ते छापण्याचा अनन्य हक्क, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि मग ते साहित्य सर्वांसाठी खुले होते. त्यामुळे सतराव्या शतकातील तुकारामांचे अभंग किंवा १९१९ साली निवर्तलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हयातीत प्रसिद्ध केलेली ख्रिस्ती भक्तिगीते पुस्तकात उद्धृत करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. परवानगी नको म्हणून श्रेयही नको, असा सोयीस्कर अर्थ मात्र पुष्कळदा काढला जातो.

अभंग हाती येतो तो कोणत्या ना कोणत्या आवृत्तीतून. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णू परशुरामशास्त्री पंडित यांनी हस्तलिखिते पडताळून सिद्ध केलेली गाथा १८६९पासून इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली, आणि तिच्यातील पाठ, म्हणजे शब्दांचे निश्चित केलेले रूप, तसेच अभंगांचा क्रम इतर गाथांशी जुळतोच असे नाही. म्हणून संतांचे नाव आणि नुसता अभंगक्रमांक देणे अपुरे ठरते आणि संपादक, आवृत्ती, वर्ष व पृष्ठ सांगावे लागते. मूळ रचना खुली असली, तरी आधुनिक संपादकाची प्रस्तावना, टीपा आणि अनुवाद यांवर स्वतंत्र हक्क असू शकतो: २००९ साली निधन पावलेल्या दिलीप चित्रे यांचे तुकारामांचे इंग्रजी अनुवाद २०६९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. उपासनेच्या संग्रहातून गीत घेताना गीतकार, अनुवादक आणि चाल देणारा यांची नावे वेगवेगळी नोंदवावीत, आणि एखादे कडवे गाळले असल्यास तेही लिहावे.